नाकाची शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी श्वास मोजला जावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपून कापसाची वेचणी रंगात आली की आमच्या हिंगणघाट परिसरात दोन हंगाम एकदमच सुरू होतात, एक जिनिंगचा आणि दुसरा आरोग्य शिबिरांचा. शिबिराला कान-नाक-घशाचे डॉक्टर येतात, शाळेच्या व्हरांड्यात रांग लागते, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात प्रत्येकाच्या नाकात क्षणभर डोकावले जाते आणि बऱ्याच केसपेपरांवर ‘पडदा वाकडा, शस्त्रक्रियेसाठी पाठवावे’ असा शेरा पडतो. शिबिर घेणाऱ्यांच्या हेतूविषयी मला मुळीच शंका नाही. तज्ज्ञाकडे जायचे म्हटले तर दिवसाची मजुरी बुडते अशा गावांत तज्ज्ञ स्वतः येऊन बसतो, ही लहान गोष्ट नव्हे. माझे म्हणणे त्या शेऱ्यापुरते आहे. नाक आतून कसे दिसते यावरून शस्त्रक्रिया ठरते, त्यातून हवा किती जाते हे शस्त्रक्रियेपूर्वी मोजले जात नाही आणि नंतरही मोजले जात नाही. परिणामी एवढा खर्च आणि त्रास सोसून रुग्णाला फायदा झाला की नाही, याचे उत्तर कोणाजवळच राहत नाही.

मी वैद्यकीय व्यवसायातला नाही. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. द्रव आणि वायूंचा प्रवाह हा वर्षानुवर्षे शिकवलेला विषय, त्यात घरी आणि शेजारीपाजारी नाकाचे रुग्ण, म्हणून या विषयावरचे संशोधन वाचत गेलो. पुढे लिहिले आहे ते कोणी स्वतःच्या उपचाराचा सल्ला म्हणून घेऊ नये. सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच मला सांगायचे आहे.

नाकाच्या दोन पोकळ्यांमधला पडदा पुढच्या भागात कूर्चेचा (म्हणजे लवचीक, मऊ हाडाचा) आणि मागे पक्क्या हाडाचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसे कमी. जन्मतः, वाढीच्या वयात किंवा लहानपणी पडल्यामुळे तो थोडाफार कोणत्या ना कोणत्या बाजूला झुकलेला असतो, आणि असे वाकडे पडदे घेऊन असंख्य लोक आयुष्यभर निवांत श्वास घेतात. उलट पडदा बराचसा सरळ असूनही नाक चोंदलेले असणारे लोक आहेत. म्हणजे वाकडेपणा दिसला एवढ्यावरून तक्रारीचे कारण सापडले असे होत नाही. सीटी स्कॅन काढला तरी त्यात दिसतो तो नाकाचा आकार, आणि तोही ज्या घटकेला स्कॅन काढला त्या घटकेचा. हे घटकेचे प्रकरण महत्त्वाचे आहे. नाकाच्या आतल्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यातील रक्तवाहिन्या भरल्या की त्या फुगतात, रिकाम्या झाल्या की ओसरतात. बहुतेक निरोगी माणसांत एका बाजूच्या घड्या फुगलेल्या असताना दुसऱ्या बाजूच्या ओसरलेल्या असतात आणि काही तासांनी ही पाळी बदलते. कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे चक्र शास्त्रीय वाङ्मयात नोंदवले. आपल्याकडे स्वरशास्त्र सांगणारी जुनी मंडळी चंद्रस्वर आणि सूर्यस्वर या नावांनी हेच ओळखत असत. त्यावरून प्रवासाचे शुभाशुभ काढणे सोडून दिले, तर त्यांचे निरीक्षण पक्के होते. शिवाय कुशीवर निजले की खालच्या बाजूची नाकपुडी चोंदते, हा तर प्रत्येकाचा अनुभव आहे. सकाळी दहाच्या शिबिरात उजवे नाक बंद आढळलेल्या माणसाचे दुपारी दोन वाजता डावे बंद आढळू शकते. एका नजरेत दिलेला निकाल किती तोकडा ठरतो, हे यावरून कळावे.

अडथळा नेमका कोठे आहे, हा पुढचा प्रश्न. नाकपुडीच्या तोंडापासून एक-दीड सेंटीमीटर आत, पडदा आणि बाजूची वरची कूर्चा जेथे जवळ येतात, तेथे नाकाची सर्वांत अरुंद जागा असते. तिला नाकाची आतली झडप म्हणतात. या दोहोंमधला कोन साधारण दहा ते पंधरा अंशांचा असतो. नाकातून आत येणाऱ्या हवेला होणाऱ्या विरोधाचा मोठा वाटा या चिंचोळ्या जागेत असतो. ज्याने शेतात ठिबकच्या नळ्या अंथरल्या आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: अख्खी नळी मोकळी असली तरी एके ठिकाणी पिळली गेली की पुढच्या झाडांना पाणी मिळत नाही, आणि न पिळलेला भाग कितीही साफ केला तरी उपयोग होत नाही. गोल नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचा नियम असा आहे की त्रिज्या निम्मी झाली तर विरोध सोळापट होतो. नाक काही गुळगुळीत गोल नळी नाही, त्यामुळे हे गणित तेथे जसेच्या तसे लागू होत नाही. पण झडपेपाशी असलेला लहानसा वाकडेपणा छळतो आणि मागे खोलवर असलेला मोठा वाकडेपणा जाणवतही नाही, याचा उलगडा त्यातून होतो. त्यातच चिंचोळ्या जागेतून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब उतरतो आणि नाकाची बाजूची भिंत नरम असेल तर ती आत ओढली जाते. जोराने श्वास ओढताना काहींची नाकपुडी चिकटल्यासारखी होते ती यामुळे. अशा रुग्णाचा पडदा कितीही सरळ केला तरी कमकुवत भिंत तशीच राहिली तर तक्रार जात नाही.

शिकागोचे मॉरिस कॉटल यांच्या नावाने ओळखली जाणारी एक साधी चाचणी यासाठी आहे. गालावर दोन बोटे ठेवून गाल हलकेच बाहेरच्या बाजूला ओढायचा आणि श्वास घ्यायचा. श्वास एकदम मोकळा झाला तर दोष झडपेपाशी असल्याचा संशय घ्यायचा. ही चाचणी फार नेमकी नाही, कारण निरोगी माणसालाही गाल ओढल्यावर थोडे बरे वाटते. तरी तिला पैसा लागत नाही आणि अर्धे मिनिटही लागत नाही, आणि आमच्याकडच्या शिबिरात ती होताना मी पाहिलेली नाही.

यापुढची गोष्ट मला स्वतःला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. नाक मोकळे वाटणे आणि नाकातून हवा जास्त जाणे या दोन गोष्टी एकत्र चालतातच असे नाही. सर्दी झाली की आपण बाम लावतो, पुदिन्याच्या अर्काची गोळी चघळतो आणि नाक उघडल्यासारखे वाटते. वेल्समधील कार्डिफ येथील रोनाल्ड एक्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मेंथॉल देऊन नाकातील विरोध मोजला, तेव्हा लोकांना मोकळे वाटत होते, पण विरोध तेवढाच होता. नाकाच्या अस्तरात थंडावा टिपणारे मज्जातंतू आहेत; आत येणाऱ्या हवेने अस्तर किंचित गार झाले की मेंदूला ‘हवा चालू आहे’ असा निरोप जातो, आणि मेंथॉल हवेवाचूनच तो निरोप धाडते. थंडावा आणि मेंथॉल दोन्ही ओळखणारा, त्या मज्जातंतूंवरचा ग्राहक (म्हणजे संवेदना टिपणारा) रेणू २००२ मध्ये सापडला. तापमान आणि स्पर्श टिपणाऱ्या अशाच ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पूर्वी नाक मोकळे करण्यासाठी टर्बिनेट बरेचसे कापून काढण्याची पद्धत होती. त्यातील काही रुग्णांच्या नाकाची पोकळी ऐसपैस झाली, हवा भरपूर जाऊ लागली आणि तरीही आपला जीव गुदमरतो असे ते सांगू लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे (नागपूरचे मेयो नव्हे) युजीन कर्न आणि त्यांच्या सहकारी स्टेनक्विस्ट यांनी १९९४ मध्ये या अवस्थेला ‘रिकामे नाक’ अशा अर्थाचे नाव दिले. हवा ऊबदार करणे, ओलसर करणे आणि तिची जाणीव करून देणे ही टर्बिनेटची कामे आहेत. ती काढून टाकली की विरोध कमी होतो, पण जाणीवही जाते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि ओठ फाटण्याइतक्या कोरड्या हवेत राहणाऱ्या आपल्या लोकांना अशी नाके परवडणारी नाहीत. सगळे मोजमाप यंत्रावर सोपवा असे म्हणता येत नाही ते यासाठी, आणि सगळे रुग्णाच्या सांगण्यावर सोडून द्या असे म्हणता येत नाही तेही यासाठीच. प्रकाशित संशोधनाचा एकत्र आढावा घेतल्यावर रुग्णाची तक्रार आणि यंत्रावरचा आकडा यांचा मेळ अनेकदा बसत नाही, असेच दिसून आले आहे. दोन्ही नोंदी हव्यात आणि त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

माझ्या शेजारी राहणारा एक गृहस्थ जिनिंगमध्ये काम करतो. जिनमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते त्या ठिकाणी उभे राहिले तर भुवयांवर पांढरी लव साचते, तीच लव आणि तीच धूळ नाकात जाते. नाक सतत चोंदलेले, रात्री घोरणे, उठल्यावर तोंड कोरडे, अशी त्याची तक्रार होती. शिबिरात शेरा पडला, शहरातल्या एका रुग्णालयात पडद्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यासाठी घरचे थोडे आणि व्याजाचे थोडे असे पैसे लागले. त्याचे डिस्चार्ज कार्ड मी पाहिले. भूल कोणती दिली, कोणती प्रतिजैविके किती दिवस घ्यायची, पॅकिंग कधी काढले, हे सगळे त्यावर व्यवस्थित लिहिलेले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला श्वासाचा किती त्रास होता याविषयी मात्र त्यावर एक ओळ नाही. काही महिन्यांनी मी त्याला कसे काय विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, कधी मोकळं वाटते, कधी पयलेसारखंच वाटते. आता म्या काय सांगू?” पूर्वीचा आकडा असता तर त्याला आणि मला दोघांनाही काही सांगता आले असते. त्याचा पडदा सरळ होऊन धुळीने अस्तर सुजत राहिले आहे का, मूळ त्रासच अस्तराच्या सुजेचा होता का, की श्वास ओढताना झडप पडते (म्हणजे आत ओढली जाऊन मिटते) आहे, यातले काहीच आता मागे जाऊन ठरवता येत नाही. रुग्णालयाने काही चुकीचे केले असा माझा आरोप नाही, कारण चुकले की बरोबर झाले हे ठरवण्याचे साधनच त्या कागदांत नाही.

साधने नाहीत असे मात्र नाही. सर्वांत अचूक मानली जाणारी पद्धत म्हणजे राइनोमॅनोमेट्री. एका नाकपुडीत दाब मोजणारी नळी बसवून दुसऱ्या नाकपुडीतून जाणारा प्रवाह त्याच वेळी मोजायचा आणि साधारणपणे १५० पास्कल दाबाला विरोध किती हे काढायचे, अशी तिची रीत आहे. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, कारण दोन समांतर वाटांपैकी एक मोकळी असली तर एकूण विरोध ठीकठाक येतो आणि एक बाजू पूर्ण बंद असूनही आकडा फसवतो. विजेच्या समांतर जोडणीचे गणित ज्यांनी बारावीत केले आहे त्यांना हे लगेच कळेल. दुसरी पद्धत ध्वनीची आहे. १९८९ मध्ये डेन्मार्कच्या हिल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या अकूस्टिक राइनोमेट्रीत नाकात आवाजाचे स्पंदन सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतली पोकळी कोठे किती रुंद आहे याचा आलेख मिळतो. अलीकडे सीटी स्कॅनवरून संगणकात नाकाची प्रतिकृती करून हवेचा प्रवाह काढण्याचेही काम चालते. ही सगळी मोठ्या रुग्णालयांची यंत्रे आहेत आणि तालुक्याच्या गावी ती यावीत असा माझा आग्रह नाही.

तालुक्याला पुरेशी अशी वस्तू वेगळी आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क आणि त्याला जोडलेली काटा सरकणारी एक नळी, एवढेच ते उपकरण असते. तोंड मिटून नाकाने जमेल तितक्या जोराने श्वास आत ओढायचा, काटा थांबेल तो आकडा दर मिनिटाला किती लिटर असा वाचायचा, आणि असे तीन वेळा करून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. त्याला पीक नेझल इन्स्पिरेटरी फ्लो म्हणतात. वीज लागत नाही, पिशवीत मावते, आशाताईंना थोड्या वेळात शिकवता येते. त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोन्ही नाकपुड्या एकत्र मोजल्या जातात. फुप्फुसे कमजोर असतील तर नाक ठीक असूनही आकडा कमी येतो. आणि ज्याची झडप पडते त्याने जितका जोर लावावा तितका अडथळा वाढतो. फुप्फुसांची अडचण सोडवण्यासाठी तोंडाने ओढलेल्या श्वासाचाही तसाच आकडा घेऊन दोहोंचे गुणोत्तर काढण्याची पद्धत आहे. जिनिंग आणि सूतगिरणीतील कामगारांना कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, त्यामुळे आपल्या भागात हा दुसरा आकडा घेतल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

आणखी एक मोजणी सोपी आहे. नाकातील सूज उतरवणारे थेंब टाकण्यापूर्वी एकदा आणि टाकल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा मोजायचे. थेंबांनी आकडा चांगला वाढला तर दोष बराचसा अस्तराच्या सुजेचा आहे, म्हणजे ॲलर्जी, धूर, धूळ यांचा आणि औषधाने उतरू शकणारा. वाढला नाही तर हाड, कूर्चा किंवा झडप यांच्याकडे पाहावे लागते. बांधाबांधावर माजलेले गाजरगवत, तुरीच्या मळणीचा भुसकट आणि अजून पुष्कळ घरांतून न गेलेली चूल लक्षात घेतली तर पहिल्या प्रकारचे रुग्ण आपल्याकडे थोडे नसणार. ओघात सांगतो, हेच थेंब चिठ्ठीविना मेडिकलमधून घेऊन महिनोन्महिने टाकणारे लोक गावोगाव आहेत. आठवडाभराच्या पुढे ते चालू ठेवले की थेंबांचा असर उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि हे दुष्टचक्र शेवटी ‘ऑपरेशन करून टाका’ इथवर येते. शिबिरात ‘थेंब किती दिवसांपासून टाकता’ हा प्रश्न विचारला तरी काही शस्त्रक्रिया टळतील.

रुग्णाच्या अनुभवाची मोजणी तर कागदावरच होते. अमेरिकेत २००४ मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या महिनाभरात नाक चोंदणे, नाक बंद होणे, नाकाने श्वास घेण्यास त्रास, झोपेला त्रास आणि श्रम करताना नाकातून पुरेशी हवा न मिळणे, अशा पाच गोष्टींचा किती उपद्रव झाला हे शून्य ते चार अशा गुणांत सांगायचे. बेरजेला पाचाने गुणले की शंभरापैकी आकडा मिळतो. पाचवा प्रश्न तेथे व्यायामाविषयी आहे. आपल्याकडे तो डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन चालताना, डवऱ्यामागे तास काढताना, विहिरीवरून पाणी आणताना काय होते अशा रीतीने विचारला पाहिजे, नाहीतर वेचणीला जाणारी बाई ‘आम्ही कुठे व्यायाम करतो’ म्हणून शून्य गुण देईल. झोपेच्या प्रश्नाला घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारावे, कारण घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही.

शस्त्रक्रियेचा उपयोग होतो की नाही यावर अलीकडे दोन चांगले अभ्यास झाले आहेत. नेदरलँड्समध्ये २०३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाची पडद्याची शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्याला शस्त्रक्रियेविना ठेवले. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांचे आरोग्यमान अधिक चांगले आढळले. हा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ब्रिटनमधील १७ केंद्रांवरचा ३७८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या गटाला सहा महिने स्टिरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा फवारा दिला होता. सहा महिन्यांनी तक्रारींचे (वरच्याहून वेगळ्या एका प्रश्नावलीतले) सरासरी गुण शस्त्रक्रियेच्या गटात १९.९ आणि फवाऱ्याच्या गटात ३९.५ होते, येथे गुण कमी तितके बरे. नाकातून जाणारी मोजलेली हवाही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक सुधारली. म्हणजे शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये, आणि मीही म्हणत नाही. पण त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी आपल्याकडच्या जाहिरातींत येत नाहीत. एक तर मुळात ज्यांच्या तक्रारी वरच्या पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीत ३० गुणांच्या पुढे होत्या त्यांनाच अभ्यासात घेतले होते, आणि ज्यांचा त्रास सुरुवातीला जास्त होता त्यांना फायदाही जास्त झाला. दुसरे असे की शस्त्रक्रिया झालेल्या १७४ जणांपैकी सात जणांना रक्तस्रावामुळे पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागले आणि वीस जणांना जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविके लागली. तिथल्या रुग्णाला रात्री रक्त आले तर रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. आमच्याकडे शेवटची एस.टी. गेलेली असते.

या अभ्यासांत रुग्णाला आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे ठाऊक होते, त्यामुळे बरे वाटण्यात विश्वासाचा किती हात होता हे वेगळे काढता येत नाही, एवढी त्रुटी धरावी लागते. त्याहून मोठा प्रश्न आपल्यापुरता आहे. त्या देशांच्या थंड, ओलसर हवेत, धुळीच्या कामाबाहेर राहणाऱ्या माणसाला जो फायदा झाला, तो शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांत पुन्हा जिनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला होईल का? हे हिंगणघाट, वणी, अकोट, पांढरकवडा अशा ठिकाणी मोजूनच कळेल, लंडन किंवा मुंबईत बसून कळणार नाही. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, नागपूर येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरवर्षी प्रबंधासाठी विषय हवा असतो. जिनिंगच्या हंगामात एकदा आणि पावसाळ्यात जिन बंद असताना एकदा, त्याच कामगारांची तीच नाके मोजली, तर धुळीचा वाटा किती आणि पडद्याचा किती हे एका वर्षात बरेच स्पष्ट होईल. शस्त्रक्रिया झालेल्यांना सहा महिन्यांनी आणि वर्षाने गावात जाऊन मोजले, तर रुग्ण पुन्हा आला नाही म्हणजे बरा झाला, हा सोयीचा समजही तपासला जाईल.

श्वास मोजण्याचे स्वस्त साधन आणि ते वापरणारी गावची माणसे ही कल्पना विदर्भाला नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या हाती दिले, आणि घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तेथे प्रश्न जिवाचा होता आणि येथे तो झोपेचा, कामाचा व पैशाचा आहे, हे मला कळते. पण मोजणी गावात होऊ शकते का, ही शंका तेव्हाच मिटली आहे.

आणि नाकाच्या शस्त्रक्रियेचा एवढा जुना वारसा सांगणाऱ्या आपण तरी श्वासाकडे दुर्लक्ष करू नये. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वाचकपत्र छापून आले. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले, त्याची ती हकिकत होती. ते वाचूनच पुढे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या पत्रात नव्या नाकाच्या रूपाबरोबर आणखी एक तपशील आहे: नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या जात. सुश्रुतानेही नवे नाक जोडताना श्वासासाठी दोन नळ्या ठेवायला सांगितले आहे. नाकाच्या रूपाचे आकर्षण आता खेड्यातही पोहोचले आहे, लग्न ठरण्यापूर्वी नाकाचा उंचवटा काढून घेणाऱ्या मुली आणि मुलगेही दिसू लागले आहेत, आणि उंचवटा काढताना आतली झडप अरुंद होऊन श्वास बिघडू शकतो हे त्यांना आधी कोणी सांगत नाही. झडपेला आधार देणारे कूर्चेचे तुकडे बसवण्याची पद्धत आहे. जॅक शीन यांनी ती १९८४ मध्ये मांडली. निदान ती वापरणार का, आणि आधीचा श्वास मोजणार का, एवढे तरी पालकांनी विचारावे.

यंदाच्या हंगामातील शिबिरांच्या आयोजकांना आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे की नाकाच्या केसपेपरवर त्या पाच प्रश्नांचे पाच रकाने, थेंबांपूर्वीच्या आणि थेंबांनंतरच्या आकड्याचे दोन रकाने आणि सहा महिन्यांनंतरच्या तपासणीसाठी तेवढेच रकाने रिकामे, असे छापून घ्यावे. केसपेपर नाहीतरी छापलेच जातात. मास्क आणि नळीचे उपकरण दर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक असले तरी शिबिरापुरते ते फिरवता येईल. मास्क मात्र प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक झाले पाहिजेत, अन्यथा नाक मोजायला आलेला माणूस दुसऱ्याची सर्दी घेऊन जाईल. आमच्या भागात शिबिर होईल तेव्हा प्रश्न विचारून रकाने भरण्यासाठी मी आणि माझे काही निवृत्त सहकारी दिवसभर बसायला तयार आहोत, आणि ते कागद रुग्णाचे नाव झाकून ज्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी हवे असतील त्याला, रुग्णांची संमती घेऊन, पोहोचवूही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा